कंडोर, शिसे आणि ‘जनुकीय हानी’ या शब्दाचा गुंता

एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातला शेवटचा मोकळा कंडोर (मेलेली जनावरं खाणारा, गिधाडासारखा मोठा पक्षी) पकडला गेला. तेव्हा या जातीचे २७ पक्षी उरले होते आणि सगळे पिंजऱ्यात. पाणपक्ष्यांच्या शिकारीतले शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद झाले. हरणावर झाडल्या जाणाऱ्या शिशाच्या गोळीला मात्र कोणी हात लावला नव्हता. शिकारी आतडी रानातच टाकून जातो, त्यात गोळीचे कण असतात आणि कंडोर नेमका तेच खातो. पोटातल्या आम्लात शिसे विरघळतं, अन्ननलिकेची पिशवी लुळी पडते, पक्षी भरल्या गळ्याने उपाशी मरतो.

शिशामुळे पिंजऱ्यातल्या कंडोरांची ‘जनुकीय हानी’ झाली, असं कुठे वाचलं तर मात्र जपून राहावं, कारण त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली गोष्ट वंशाची. आजचा सारा कळप १४ मूळ पक्ष्यांपासून वाढलेला. त्यांच्यातूनच हाडांच्या खुरटेपणाचा एक दोष आला. तो आईबाप दोघांकडून मिळाला, की पिल्लू अंड्यातच किंवा बाहेर येतायेता मरतं. हा दोष खराच जनुकीय, पण शिशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणून जोड्या लावताना वंशावळ तपासतात.

दुसरी गोष्ट डीएनए तुटण्याची. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं (आपल्या पेशीत नसतं), त्यामुळे थेंबभर रक्तावर चाचणी होते : पेशीतून वीज सोडली, की तुटलेला डीएनए शेपटीसारखा मागे ओढला जातो. स्पेनमध्ये एप्रिल १९९८ मध्ये खाणीच्या गाळाचा बांध फुटला, तेव्हा दोन्याना या पाणथळ परिसरातल्या करकोच्यांच्या पिल्लांत अशी मोडतोड पुढची काही वर्षं दिसत राहिली. पण ती रक्तपेशींतली. पुढच्या पिढीत उतरली, असा अर्थ त्यातून काढणं चूक.

तिसरी गोष्ट निव्वळ विषबाधा. तीच सगळ्यात जास्त मारते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. ‘जनुकीय’ म्हटलं की बातमी भारी होते, पण गोळी बाजूला राहते!

१९९२ पासून पक्षी सोडले जाऊ लागले, तसा वाद पेटला. शिसे कुठूनही आलेलं असेल, असा गोळीच्या समर्थकांचा दावा होता. तेव्हा पिंजऱ्यातले पक्षी कामी आले. त्यांच्या रक्तातल्या शिशाचा समस्थानिकांचा ठसा (शिशाच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण, ज्यावरून शिसे कुठून आलं ते कळतं) पायाभूत धरून सुटलेल्यांचा पडताळला, तर बहुतेकांचा गोळीशी जुळला. काहींच्या रक्तात जुन्या वणवा-टेहळणी मनोऱ्याच्या रंगातलं शिसे सापडलं; दावा अगदीच खोटा नव्हता, इतकंच. दरवर्षी सुमारे २० टक्के मोकळ्या पक्ष्यांवर उपचार करावे लागण्याइतकं शिसे त्यांच्या रक्तात आढळत होतं.

कॅलिफोर्नियात कंडोरच्या पट्ट्यात २००८ मध्ये शिशाच्या गोळीवर बंदी आली, २०१३ मध्ये राज्यभरासाठी कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून तो पूर्ण लागू झाला. आपल्याकडे गिधाडं वाचवण्यासाठी डायक्लोफेनॅक हे गुरांचं वेदनाशामक औषध २००६ मध्ये बंद झालं. आपल्याकडे एक औषध थांबवायचं होतं, तिकडे लाखो शिकाऱ्यांच्या खिशातलं काडतूस.

शेजारच्या ॲरिझोना राज्यात शिसेविरहित गोळी आजही ऐच्छिकच आहे, आणि कंडोर राज्याची हद्द पाहून उडत नाहीत. रक्त तपासायला त्यांना अजूनही जाळ्यात धरावं लागतं.