रिपोर्ट नॉर्मल आला, पण पोरगं कसंय?

नाशकात थंडी पडायला लागली की बालरोगतज्ज्ञांकडे खोकणाऱ्या, धाप लागणाऱ्या पोरांची गर्दी वाढते आणि वेटिंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, "रिपोर्ट नॉर्मल आलेत ना, मग झालं तर!" मला हे अजिबात पटत नाही. पीटीच्या तासाला पोरगं कडेला बसतं का, रात्री झोप लागते का, बाकीची पोरं चिडवतात का, हे एक्स-रेत दिसत नाही. आरोग्य म्हणजे नुसतं आजार नसणं नव्हे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली लागू झालेल्या घटनेतच लिहिलंय.

मग हे मोजायचं कसं? तर सरळ विचारून. जेम्स वर्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेली पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. २३ प्रश्न, त्यातले शरीराचे ८ आणि भावना, मित्रमंडळी, शाळा यांचे प्रत्येकी ५. गेल्या महिन्यात अमुक गोष्टीचा त्रास किती वेळा झाला, कधीच नाही ते जवळजवळ नेहमी, अशी पाच उत्तरं, आणि त्यांचे गुण १००, ७५, ५०, २५, ०, म्हणजे त्रास जितका कमी तितके गुण जास्त. मग सरासरी काढायची.

खरी गंमत पुढे आहे. हेच प्रश्न आईबाबांनाही वेगळे विचारतात आणि दोघांची उत्तरं बरेचदा जुळत नाहीत! समजा दमा असलेल्या दहा वर्षांच्या मुलाने भावनांच्या पाच प्रश्नांना १००, ५०, ५०, २५, ७५ अशी उत्तरं दिली, सरासरी ६०. आईची आली ५०, २५, २५, ५०, ५०, म्हणजे ४०. खोटं कोणीच बोलत नाहीये. चालणं, पळणं डोळ्याला दिसतं म्हणून तिथे दोघांचं बऱ्यापैकी जमतं, पण भीती, उदासपणा पोराच्या आत असतो आणि आई तिथे स्वतःची काळजी मिसळून अंदाज करते, त्यामुळे आजारी मुलांचे पालक बरेचदा मुलापेक्षा कमी गुण देतात आणि निरोगी मुलांचे पालक उलट जास्त देतात. म्हणून एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही, दोन्ही लागतात, आणि पोरगं पाच वर्षांचं झालं की त्याला स्वतःला विचारता येतं. पाच ते सात वयाला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतात आणि पोरगं हसरा, मधला, रडका यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवतं.

आपल्याकडे मात्र पोरगं गप्पगप्प झालं की आधी मीठमोहरी घेऊन दृष्ट काढतात, नाहीतर टीव्हीवरच्या जाहिरातीतली ताकदीची पावडर आणतात, आणि पोराला कोणी विचारतच नाही.

उपचार सुरू केल्यावर काही महिन्यांनी हीच प्रश्नावली परत भरून घेता येते. वर्नींच्या अभ्यासात मुलाच्या स्वतःच्या एकूण गुणांमध्ये साधारण ४.४ चा फरक हा दखल घेण्याजोगा सगळ्यात छोटा फरक मानलाय, त्यामुळे एक-दोन गुण वाढले म्हणून पंप लागू पडला असं लगेच म्हणू नये, पण दहा गुण घसरले आणि तपासण्या सगळ्या ठीक असतील, तर डॉक्टरांनी शाळेबद्दल आणि झोपेबद्दल विचारायला सुरुवात करावी.