उंबरठ्यावरचा नमस्कार : ख्रिस्ती दृष्टीने युद्धकला शिकवण्याची पार्श्वभूमी

केरळातली जुन्या पद्धतीची कळरी, म्हणजे तिथली युद्धकला शिकण्याची जागा, जमिनीत खणलेली असते. लांबी ४२ फूट, रुंदी २१ फूट, खोली साधारण साडेतीन फूट आणि दार पूर्वेला. आत उतरताना विद्यार्थी उजवा पाय आधी टाकतो, जमिनीला लावलेला हात कपाळाला लावतो, नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या सात पायऱ्यांच्या ‘पूत्तरे’ या पूजेच्या चौथऱ्याला वंदन करतो आणि मग गुरुक्कळांच्या पाया पडतो. तालमीतल्या मारुतीला हात जोडून, लाल माती कपाळाला लावून हौद्यात उतरणाऱ्या आपल्याकडच्या पैलवानाला यात काहीच परके वाटणार नाही. शिकणारा ख्रिस्ती असला, तर मात्र पहिला डाव शिकण्याआधीच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की हे वंदन नेमके कोणाला आहे? आज कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीत शिकवू पाहणारे प्रशिक्षक याच प्रश्नाशी झगडत असतात. त्याच्या जोडीला याहूनही जुना दुसरा प्रश्न आहे: ज्याने दुसरा गाल पुढे करायला सांगितले, त्याच्या अनुयायाने कोणाला ठोसा मारायला शिकवावे का?

या दुसऱ्या प्रश्नाला आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, दिलेले उत्तर कडक होते. रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर सांगितली जाणारी आणि सामान्यतः तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची मानली जाणारी एक नियमावली, बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी येणाऱ्यांपैकी कोणत्या व्यवसायांतल्या लोकांना स्वीकारू नये, हे नाव घेऊन सांगते. त्यात ग्लॅडिएटर आहे, आणि ग्लॅडिएटरला लढायला शिकवणाराही आहे. दोघांनीही धंदा सोडावा, नाहीतर त्यांना परत पाठवावे, असा नियम. शिकवणाऱ्याला लढणाऱ्याइतकेच जबाबदार धरणारा हा नियम युद्धकलेच्या प्रत्येक ख्रिस्ती शिक्षकाने एकदा तरी वाचावा असे मला मनापासून वाटते. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना मुष्टियोद्ध्याची उपमा मोकळेपणाने वापरली होती: आपण वाऱ्यावर ठोसे मारत नाही, आपल्याच शरीराला वठणीवर आणतो, असे तो म्हणतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत असल्यामुळे ही उपमा तिथल्या लोकांना समजावून सांगावी लागली नसणार. पौल शरीराच्या शिस्तीविषयी बोलतो आणि नियमावली करमणुकीसाठी होणाऱ्या हत्येविषयी, त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच परंपरेत नांदू शकल्या.

स्वसंरक्षणाचा विचार नीट मांडला गेला तो तेराव्या शतकात. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने लिहिले, की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. हल्लेखोराला रोखताना स्वतःचा जीव वाचतो आणि कदाचित त्याचा जातो. हेतू जीव वाचवण्याचा असेल तर ती कृती निषिद्ध नाही. मात्र बळ गरजेपुरतेच हवे. गरजेपेक्षा अधिक बळ वापरले की तीच कृती अयोग्य ठरते. पुढे युरोपातल्या कायद्यांनीही हे मोजमाप आपल्या परीने वापरले.

त्याच सुमाराची एक वस्तू या विषयात फार बोलकी आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात रॉयल आर्मरीज संग्रहालयात ‘आय.३३’ या क्रमांकाने ओळखले जाणारे हस्तलिखित आहे. इसवी सन १३००च्या आसपास जर्मन प्रदेशात तयार झालेले, ३२ पानांचे, तलवारबाजीवरचे हे युरोपातले उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक. त्यात तलवार आणि मुठीत धरायची छोटी गोल ढाल यांचे सात पवित्रे चित्रांसह दिले आहेत. मजकूर लॅटिन असला तरी डावांची काही नावे मधूनच जर्मन येतात; तालमीत बोलले जाणारे शब्द लेखणीतही तसेच उतरलेले दिसतात. आणि शिकवतो कोण? टाळूवरचे केस कापलेला, पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू. समोर त्याचा विद्यार्थी. शेवटच्या पानांवर विद्यार्थ्याच्या जागी वालपुर्गिस नावाची स्त्री हातात तलवार घेऊन उभी राहते. धर्मगुरूंनी शस्त्र धरू नये असे चर्चच्या सभा वारंवार बजावत होत्या, आणि ११३९ साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन सभेने सरदारांच्या द्वंद्वस्पर्धांवरही बंदी घातली होती, तरीही हे पुस्तक तयार झाले. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच. मात्र एकदा तलवारीला तलवार भिडली की पुढे कोणी काय करायचे, याचा क्रम इतक्या बारकाईने दिला आहे, की लिहिणाऱ्याने आयुष्यभर शिकवले असावे असे वाटत राहते.

आता पुन्हा केरळकडे. प्रेषित थॉमसकडून आपली श्रद्धा आली असे मानणारे तिथले ख्रिस्ती लोक व्यापारी होते, शेतकरी होते आणि शस्त्रधारीही होते. चर्चला येतानाही त्यांच्याजवळ हत्यारे असत आणि ती बाहेरच्या मंडपात ठेवून ते आत जात, असे वर्णन पोर्तुगीजांनी केले आहे. मुले कळरीत शिकत. शिकवणाऱ्याला पणिक्कर म्हणत आणि पणिक्करांमध्ये ख्रिस्तीही होते. कळरी हा शब्दही तिथे दोन अर्थांनी चाले: अक्षरे शिकण्याची जागा आणि शस्त्र शिकण्याची जागा.

या समाजात गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस १५९९ साली येऊन पोहोचले. त्यांनी २० जूनपासून आठवडाभर उदयंपेरूर इथे सभा भरवली. युरोपीय लेखनात ती डायम्परची सभा म्हणून ओळखली जाते. तिच्या ठरावांपैकी दोन ठराव आपल्या विषयाच्या मुळाशी जातात. ज्या शाळांत ख्रिस्ती मुलांना मूर्तीपुढे वंदन करायला लावले जाते, तिथे आईवडिलांनी मुले पाठवू नयेत, असे पहिल्यात आहे. दुसरा खुद्द ख्रिस्ती शिक्षकांसाठी आहे: हिंदू विद्यार्थ्यांना वंदन करता यावे म्हणून त्यांच्यापैकी काही जण आपल्या शाळेत मूर्ती ठेवतात, ते बंद व्हावे.

हा दुसरा ठराव मी थांबून वाचतो. त्याच्यामागे खरा माणूस दिसतो: स्वतः क्रूसापुढे गुडघे टेकणारा, तरीही शेजाऱ्याच्या मुलाने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे आरंभ करावा म्हणून कोपऱ्यात जागा करून देणारा शिक्षक. यात विद्यार्थी मिळवण्याचा व्यवहारही असेल, पण निव्वळ व्यवहार असेल असे मला वाटत नाही. मेनेझिस यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. ख्रिस्ती माणूस वंदन कोणाला करतो याला त्याच्या श्रद्धेत मोल आहेच. पण उत्तर मात्र त्यांनी सत्तेच्या बळावर दिले. त्याच सभेने या समाजाच्या सिरियाक या उपासनेच्या भाषेतल्या ग्रंथांवर आणि चालीरीतींवरही घाला घातला. त्यातून साचलेला संताप १६५३ साली मट्टांचेरीला, पोर्तुगीज पाद्र्यांची सत्ता झुगारणाऱ्या कूनन क्रूसाच्या शपथेत बाहेर पडला आणि समाज दुभंगला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मलबारातली बंडे मोडताना इंग्रजांनी लोकांची शस्त्रे काढून घेतली आणि कळऱ्याच ओस पडत गेल्या. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, तलश्शेरीच्या परिसरात या कलेला पुन्हा उभारी आली.

प्रॉटेस्टंट जगात या विषयाला नवे वळण मिळाले ते लंडनमध्ये. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस आणि त्यांच्या ख्रिस्ती समाजवादी मित्रांनी १८५४ साली कामगारांसाठी वर्किंग मेन्स कॉलेज काढले. बॅरिस्टर थॉमस ह्यूझ तिथे शिकवायला आले आणि त्यांनी चक्क मुष्टियुद्धाचा वर्ग सुरू केला. दिवसभर राबलेले कामगार आणि उच्चशिक्षित वकील हातमोजे चढवून समोरासमोर उभे राहू लागले. बंधुभाव व्याख्यानातून सांगण्याआधी तो अंगावर घ्यायचा, अशी ही रीत. ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे बलदंड ख्रिस्ती धर्म, हा शब्दप्रयोग १८५७ च्या सुमाराला रूढ झाला आणि ह्यूझ यांनी त्याचा अर्थ पुढे स्पष्ट केला: शरीर मिळाले आहे ते घडवण्यासाठी, ताब्यात ठेवण्यासाठी आणि दुबळ्यांच्या रक्षणासाठी. हाच विचार पुढे साम्राज्याच्या सेवेलाही जुंपला गेला, आणि दुबळा कोण हे ठरवण्याचा अधिकार बलवानांनी स्वतःकडे घेतला, हेही इथे नोंदवले पाहिजे. लंडनमध्येच १८४४ साली स्थापन झालेल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने शरीर, मन आणि आत्मा असा त्रिकोण आपले चिन्ह म्हणून घेतला. भारतात तो विचार १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून रुजला.

उंबरठ्यावरच्या नमस्काराचा प्रश्न पुन्हा पेटला तो जपानमध्ये. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, १२ चटयांच्या जागेत, कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांच्या ज्युदोत वाकून केलेले अभिवादन हे जोडीदाराविषयीच्या आदराचे चिन्ह होते. पण अनेक डोजोंमध्ये, म्हणजे तिथल्या तालमींमध्ये, भिंतीवर शिंतो या जपानी धर्माचा देव्हारा असे आणि लष्करी राजवटीत राष्ट्रभक्ती, देवस्थान आणि युद्धकला यांची गाठ घट्ट होत गेली. मे १९३२ मध्ये टोकियोच्या सोफिया या कॅथॉलिक विद्यापीठातले विद्यार्थी लष्करी प्रशिक्षकाबरोबर, युद्धात मेलेल्या सैनिकांना वाहिलेल्या यासुकुनी देवस्थानी गेले असता त्यांच्यापैकी काहींनी तिथे वाकायला नकार दिला. त्यावरून मोठे वादळ उठले. हे अभिवादन निष्ठा आणि देशप्रेम दाखवण्यासाठी आहे, असा खुलासा शिक्षण मंत्रालयाने केला, आणि १९३६ साली रोमने तो मान्य करून कॅथॉलिकांना नागरी रिवाज म्हणून त्यात सहभागी होण्याची परवानगी दिली. जपानी सत्तेखालच्या कोरियातही १९३८ साली प्रेस्बिटेरियन महासभेने दबावाखाली असाच निर्णय घेतला. पास्टर जू गी-चोल यांनी मात्र शेवटपर्यंत नकार दिला आणि १९४४ साली ते तुरुंगात मरण पावले. ‘हा केवळ शिष्टाचार आहे’ हे वाक्य आज डोजोत सहज उच्चारले जाते. तेच वाक्य न मानता कोणी प्राण दिले आहेत, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कला कोरिया-जपानमधून परतलेल्या सैनिकांबरोबर आणि तिथून आलेल्या शिक्षकांबरोबर अमेरिकेत पोहोचल्या. १९७० च्या दशकापासून चर्चच्या सभागृहांतून ख्रिस्ती दृष्टीचे वर्ग दिसू लागले. त्यांची रीत ठरून गेली: देव्हारा नाही, आरंभीच्या मौनाच्या जागी प्रार्थना, पट्ट्याच्या परीक्षेबरोबर एखादे वचन पाठ, आणि वाकून अभिवादन ठेवायचे ते फक्त समोरच्या माणसाला. श्वासाचा व्यायाम चालतो. ‘की’ या वैश्विक शक्तीची शिकवण बहुतेक जण गाळतात. शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आणि सुभक्तीचा उपयोग सर्वांसाठी, हे बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले वचन अशा वर्गांत वारंवार ऐकू येते.

या वर्गांनी पहिल्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्याकडे मात्र, म्हणजे हिप्पोलिटसच्या यादीतल्या त्या शिक्षकाकडे आणि अक्वायनसच्या मोजमापाकडे, लक्ष कमी जाते. वास्तविक ते मोजमाप शिकवायची जागा मॅटवरच आहे. ज्युदोत गळ्याची पकड बसल्यावर खालचा माणूस हाताने दोनदा थाप मारतो. त्या क्षणी पकड सुटली पाहिजे. जिंकण्याच्या भरातला अर्धा सेकंदही त्यात जाता कामा नये. माझ्या मते पट्टा देताना वचन पाठ आहे का हे विचारण्याआधी ही थाप विद्यार्थ्याला ऐकू येते का, हे शिक्षकाने पाहावे.