व्हिडिओ डिकोडिंग आणि मोबाइलची बॅटरी

दाबून लहान केलेली व्हिडिओ फाइल उलगडून पडद्यावर दाखवता येतील अशा चित्रचौकटी तयार करणे म्हणजे डिकोडिंग. मोबाइलमध्ये हे काम दोन वाटांनी होते. चिपमध्ये खास त्याचसाठी घडवलेल्या भागाने केले तर हार्डवेअर डिकोडिंग, मुख्य प्रोसेसरने प्रोग्रॅम चालवून केले तर सॉफ्टवेअर डिकोडिंग. चित्र दोन्हीकडे तेच उमटते. व्हिडिओ कसा दाबायचा व उलगडायचा हे ठरवणाऱ्या एच.२६४ पासूनच्या मानकांत तर निकाल बिटागणिक एकच यावा अशी अटच आहे. फरक पडतो तो बॅटरीला.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर सहा कोटींहून अधिक बिंदू दर सेकंदाला नव्याने मांडावे लागतात: आधीच्या चौकटीतून तुकडा उचलायचा, सरकवायचा, उरलेला फरक मिळवायचा, तुकड्यांच्या कडा गुळगुळीत करायच्या. प्रोसेसरला यातल्या प्रत्येक कृतीआधी सूचना आणावी लागते, ती ओळखावी लागते, आकडे जागेवर ठेवावे लागतात. या सरबराईपुढे खुद्द बेरजेला लागणारी ऊर्जा किरकोळ. खास भागात हीच वाट तारांतच आखलेली असते, त्यामुळे तो कमी वेगाने व कमी व्होल्टेजवर काम उरकतो आणि प्रोसेसर बराच वेळ झोपून राहू शकतो.

बचत डोळ्यांत भरेलच असे मात्र नाही. मालवणच्या किनाऱ्यावर भर दुपारी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा लागतो. डोंगराआडच्या वाडीत रेंज क्षीण, म्हणून फोनचा रेडिओ जोर लावत राहतो. पडदा आणि रेडिओ मिळून एवढे खातात, की डिकोडिंगचा हिशेब त्यात बुडून जातो. तो दिसतो लाइट गेल्यावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. अशा रात्री फोन एअरप्लेन मोडवर, उजेड किमान, आणि जत्रेत टिपलेले दशावताराचे आख्यान चालू. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. समजा फोन एकूण एक वॅट घेत असेल, तर ती १९ तास पुरेल. सॉफ्टवेअर डिकोडिंगने त्यात आणखी एका वॅटची भर घातली, तर निम्माच वेळ.

हार्डवेअरची अडचण अशी की त्याला नवी विद्या नंतर शिकवता येत नाही. एच.२६४ हे मानक २००३ चे, त्यानंतरचे एचईव्हीसी २०१३ चे, एव्ही१ २०१८ चे. आयफोनमध्ये एव्ही१ चे हार्डवेअर आले ते २०२३ च्या १५ प्रो मालिकेत. जुन्या किंवा स्वस्त हँडसेटवर अशा फाइलीची भिस्त डेव्हिडसारख्या, मोठ्या कसबाने लिहिलेल्या सॉफ्टवेअर डिकोडरवर असते. एव्ही१ फाइल लहान, म्हणून डेटा वाचतो. पण मुंबईहून निघताना डाउनलोड करून गाडीत बघायची असेल, तर जुन्या फोनला एच.२६४ ची जाड फाइलच परवडते. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तिला रेंजही लागत नाही.

एमएक्स प्लेअर या व्हिडिओ बघायच्या ॲपमध्ये वरच्या बाजूला एचडब्ल्यू, एचडब्ल्यू+ (हार्डवेअर) आणि एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर) अशी निवड दिसते. आवाज येईना किंवा चित्र हिरवे पडले की लोक एसडब्ल्यू दाबतात. काम होते, पण परत बदलायचे राहून जाते. मग फोनची पाठ तापू लागते. मे महिन्याच्या दमट उकाड्यात ती उष्णता लवकर निघत नाही, प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, आणि संवाद पुढे जात असताना दशावतारातल्या शंकासुराची उडी मात्र हवेतच अडकून राहते.