लवणं वेगळं, वाकणं वेगळं

जुन्या गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज बनवणारं नवं यंत्र) बसवायचा तर त्याला इंजिनाशी धरून ठेवणारा ब्रॅकेट बहुतेक वेळा स्वतःच बनवावा लागतो. तो हलतोय म्हटलं की सल्ला ठरलेला: "हाय टेन्साइल स्टील (जास्त मजबूत जातीचं पोलाद) लाव." हे ऐकून मी खरंच वैतागलोय. यात मजबुती आणि ताठपणा यांची सरळसरळ गल्लत आहे.

मजबुती सगळ्यांना कळते. किती जोर आला की पट्टी कायमची वाकेल किंवा तुटेल, एवढंच ते.

फसगत होते ती ताठपणात. जोर असेपर्यंत पट्टी लवते आणि जोर गेला की जागेवर येते; ती किती लवते, हा ताठपणाचा प्रश्न. माझ्या पहिल्या ब्रॅकेटची पट्टी ३ मिमीची होती. बेल्ट सैल असताना दोन्ही पुल्यांना लावलेली स्टीलची फूटपट्टी नीट टेकायची. बेल्ट ताणला की अल्टरनेटरची पुली तिरकी, फूटपट्टीखाली फट आणि इंजिन रेस केलं की बेल्टची किंकाळी. ब्रॅकेट काढून सपाट लादीवर ठेवला, तर पहिल्यासारखाच सरळ! म्हणजे मजबुती कमी पडलीच नव्हती. तरी मीही हाय टेन्साइलचा तसाच दुसरा कापला. फट तेवढीच.

कारण साध्या माइल्ड स्टीलचा लवचीकता गुणांक, म्हणजे धातूच्या स्वतःच्या ताठपणाचं माप, सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि हाय टेन्साइलचाही जवळपास तेवढाच. पोलादाची जात बदलली की वाकण्याची मर्यादा वर जाते, लवणं तेवढंच राहतं. ते कमी होतं आकाराने. सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ३ ची ४ मिमी केली तर जवळपास २.४ पट, ६ केली तर ८ पट. पण नुसती जाडी वाढवत जाणं मला पटत नाही. त्याच ३ मिमीच्या पट्टीची कड १५ मिमी काटकोनात दुमडली, कोपऱ्यात गसेट, म्हणजे आधाराचा तिकोनी तुकडा, वेल्ड केलं आणि फट गेली.

ॲल्युमिनियममध्ये हीच गल्लत उलटी होते. ६०६१-टी६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू मजबुतीला माइल्ड स्टीलच्या तोडीस तोड, पण गुणांक सुमारे ७० गिगापास्कल. त्याच मापाचा ब्रॅकेट जवळपास तिप्पट लवणार, शिवाय वेल्डच्या आसपास मजबुतीही घटते. अशा कामाला माझी पसंती माइल्ड स्टीललाच.

रंग की पावडर कोटिंग, हवं ते करा. दुमडीची आतली गोलाई मात्र निदान पट्टीच्या जाडीइतकी ठेवा, आणि गॅसने कापलेली खडबडीत कड कानस न मारता गाडीत बसवू नका, तडा तिथूनच सुरू होतो.

ब्रॅकेट हलला तर धातू विकत घेण्याआधी तो खोलून सपाट लादीवर ठेवा. डुगडुगला, तर तो वाकलाय आणि मजबुती कमी पडली. सपाट बसला, तर आकार बदला.