ट्वाडल, टक्के आणि ग्रॅम प्रति लिटर : रंगखान्यातील द्रावणांच्या मापनाची पार्श्वभूमी

चादरी आणि टॉवेलसाठी सूत रंगवणाऱ्या सोलापूरच्या रंगखान्यांत नव्याने कामाला लागलेल्या रसायनशास्त्राच्या पदवीधराला सुरुवातीला एक गोष्ट खटकते. महाविद्यालयात गिरवलेल्या मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीचा, म्हणजे एका लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल किंवा सममूल्य भार आहेत हे सांगणाऱ्या मापांचा, तेथे सहसा उच्चारही होत नाही. उलट कॉस्टिकची (कॉस्टिक सोड्याची) ताकद ट्वाडल या घनतेच्या मापात, मीठ व धुण्याचा सोडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये आणि रंग सुताच्या वजनाच्या टक्क्यांत, अशी तीन मापे या धंद्यात शेजारी शेजारी नांदतात. हा अडाणीपणा नव्हे. ही तिन्ही मापे निरनिराळ्या गरजांतून आलेली आहेत आणि ती गरज ठाऊक नसली की एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना हमखास चूक होते.

रासायनिक रंग येण्यापूर्वी द्रावणाची ताकद मोजली जात नसे, ती ओळखली जात असे. आंबवलेल्या निळीचा हौद तयार झाला की नाही, हे रंगारी वासावरून, फेसाच्या रंगावरून आणि बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून ठरवी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या या गावात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली, तोवर युरोपात या ओळखीची जागा आकड्यांनी घेतलेली होती.

आकडे प्रथम आले ते विरंजनाच्या, म्हणजे ब्लीचिंगच्या, निकडीतून. १७८५ च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड पांढरे करण्याची रीत दाखवली, पण क्लोरीनचे पाणी नुसते ठेवले तरी उतरते. कमी पडले तर कापड पिवळे राहते आणि जास्त झाले तर धागा कुजतो. म्हणून फ्रान्समधील रुआँ येथील देक्रोआझीय या रसायनशास्त्रज्ञाने १७९५ मध्ये ठरावीक ताकदीच्या निळीच्या द्रावणाचा रंग घालवायला किती विरंजक द्रव लागतो, हे मोजण्याचे साधन काढले. १८२४ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हीच पद्धत नेमकी केली आणि द्रव मोजून सोडणाऱ्या व उचलणाऱ्या काचनळ्यांची ब्युरेट व पिपेट ही नावे रूढ केली. आज शाळेच्या प्रयोगशाळेत जे अनुमापन (टायट्रेशन) म्हणून शिकवले जाते, त्याचे मूळ अशा रीतीने निळीत आणि कापडात आहे, ही बाब पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत.

ट्वाडलचा उगम मात्र वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोमध्ये तयार झालेल्या या हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचा, हिशेब सरळ असतो : अंशांना २०० ने भागावे आणि त्यात १ मिळवावा, की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड ते, मिळते. ५० अंश म्हणजे १.२५, कॉस्टिकच्या बाबतीत ते सुमारे २३ टक्क्यांचे द्रावण होय. काचेची नळी द्रवात सोडून आकडा वाचायचा असल्याने हौदाशी उभ्या असलेल्या कामगाराला हे माप सोयीचे पडले. त्यातील मेख तापमानात आहे. ही नळी ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण साडेपंधरा अंश सेल्सियसला, जुळवलेली असते, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. एवढ्या फरकाने याच द्रावणाचे वाचन सुमारे तीन अंशांनी कमी येते. शिवाय कॉस्टिक पाण्यात विरघळताना द्रावण आपोआप तापते, त्यामुळे ते निवण्याआधी नळी सोडली तर द्रावण हलके पडल्याचा भास होऊन विनाकारण कॉस्टिक वाढवले जाते.

याहून महाग पडणारी चूक टक्क्यांची आहे. बाजारात मिळणारी ५० टक्के कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिकचे तयार द्रावण, ही वजनाने ५० टक्के असते. तिची घनता सुमारे १.५२ असल्याने एका लिटरमध्ये ५०० नव्हे, तर जवळपास ७६० ग्रॅम कॉस्टिक असते. दहा लिटर पाण्याला लिटरमागे २० ग्रॅम हवे असेल, तर एकूण २०० ग्रॅम कॉस्टिक लागते, म्हणजे लाय काट्यावर ४०० ग्रॅम घ्यावी किंवा मापाने सुमारे २६० मिलिलिटर. ‘चारशे’ हा आकडा डोक्यात ठेवून मापाने ४०० मिलिलिटर ओतले, तर ताकद दीडपट होते. विरलीकरणाचे सूत्र बरोबर असूनही, वजन आणि आकारमान यांच्या घोळामुळे उत्तर चुकते.

रंगांचा हिशेब तिसऱ्याच पायावर उभा आहे. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग आला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि १९५६ मध्ये प्रोसिऑन हे धाग्याशी रासायनिक बंध करणारे रंग आले; परंतु शेड ठरते ती सुतावर किती रंग चढला यावरून. म्हणून २ टक्के शेड म्हणजे ५० किलो सुताला १ किलो रंग, मग पाणी १००० लिटर असो की ५००. मीठ आणि सोडा यांचे काम मात्र पाण्यातील त्यांच्या संहतीवर (प्रमाणावर) चालत असल्याने ते लिटरवर मोजतात. पाणी निम्मे केले की मीठ निम्मे होते, रंग तेवढाच राहतो. ही गोष्ट ज्याला नीट कळली, त्याला कृतीचा कागद वाचता आला असे मानायला हरकत नाही.

मोलॅरिटी येथे का रुजली नाही, याचेही कारण यातच आहे. बाजारातील रंग शुद्ध पदार्थ नसतो. त्यात ठरावीक ताकद आणण्यासाठी सोडियम सल्फेटसारखे क्षार मिसळलेले असतात. अशा भुकटीत मूळ रंग किती हे नेमके माहीत नसेल, तर रेणुभार घेऊन करायचे काय? त्यामुळे प्रयोगशाळेतही रंगाचे १ टक्क्याचे मूळ द्रावण करून ठेवतात आणि ५ ग्रॅम सुताच्या नमुन्याला २ टक्के शेडसाठी त्यातले १० मिलिलिटर पिपेटने घेतात. एक दशांश ग्रॅम रंग साध्या काट्यावर तोलण्यापेक्षा हे अधिक विश्वासार्ह ठरते.

एकच जागा अशी आहे, जिथे पदवीधराचे शिक्षण थेट उपयोगी पडते, ती म्हणजे पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम रंगाशी आणि साबणाशी जुळून शेड मळकट करतात. तो जडपणा, कॅल्शियम व मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीए या रसायनाच्या ज्ञात संहतीच्या द्रावणाने मोजतात, आणि ते द्रावण मोलॅरिटीतच तयार करावे लागते.