व्हिएतनामी मजकूर वळणदार फॉन्टमध्ये छापून घेताना

व्हिएतनाममधल्या दा नांग किंवा फू क्वॉकला लग्न ठरलेली जोडपी आणि तिकडे माल पाठवणारे उद्योजक आमच्याकडे व्हिएतनामी मजकूर घेऊन येतात. इंग्रजी कार्डासाठी आवडलेला नक्षीदार फॉन्टच त्यालाही लावा, अशी बहुतेकांची इच्छा असते. फॉन्ट पक्का करण्याआधी एवढे वाचा.

व्हिएतनामी रोमन अक्षरांतच लिहितात. पण तिच्यात 12 स्वराक्षरे आहेत, शब्दाचा अर्थ बदलणारे सूर सहा आहेत आणि त्यांतल्या पाच सुरांना वेगवेगळ्या खुणा आहेत. खुणांची लहान-मोठी अक्षरे मिळून 134 होतात. खुणा गाळून छापायचा आग्रह कृपया धरू नका. ‘मा’ बिनखुणेचा असेल तर भूत, चढती रेघ आली तर दक्षिणेत आई, खाली टिंब दिले तर भाताचे रोप.

तिथल्या नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या, शुभेच्छा पाहा : ‘चुक मुंग नाम मोई’. चारही शब्दांत खुणा आहेत. ‘मुंग’मधल्या ‘यू’ला उजवीकडे बारीकसे शिंग आणि डोक्यावर उतरती रेघ असते. फॉन्टमध्ये हे अक्षर नसेल तर संगणक ते दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो आणि वळणदार शब्दाच्या मधोमध एक ताठ, परके अक्षर उभे राहते. ‘मोई’तला ‘ओ’ त्याहून नाजूक. कर्सिव्हमध्ये, म्हणजे जोडून लिहिलेल्या वळणात, ‘ओ’ पुढच्या अक्षराला वरच्या उजव्या अंगाने जोडतात आणि शिंगही नेमके तिथेच येते. फॉन्ट विचार करून केलेला नसेल तर शिंग जोडरेघेत हरवते. फॉन्ट तपासताना आम्ही आधी हाच ‘ओ’ मोठा करून बघतो.

डान्सिंग स्क्रिप्ट, पॅसिफिको आणि लॉब्स्टर या फॉन्टांमध्ये व्हिएतनामी अक्षरे आहेत. त्यांचा परवाना मुक्त असल्याने वेष्टनावरही ते बिनदिक्कत वापरता येतात. तरी नावे आणि शुभेच्छा तेवढ्या वळणदार ठेवा, पत्ता आणि वेळ साध्या फॉन्टमध्येच शोभतात. सगळा शब्द कॅपिटलमध्ये नको. ओळींमध्येही इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीतल्या ‘जी’ आणि ‘वाय’च्या शेपट्या खालच्या खुणांवर चढतात.

मजकूर फोटोऐवजी टाइप केलेला आणि युनिकोडमध्ये पाठवा. व्हिएतनामने 2001 मध्ये युनिकोडवर आधारित मानक स्वीकारले, पण व्हीएनआय आणि टीसीव्हीएन3 या युनिकोडआधीच्या पद्धतींच्या जुन्या फाइली अजून येतात. श्रीलिपीतला जुना मजकूर फॉन्ट बदलल्यावर जसा विस्कटतो, तशाच त्या विस्कटतात. अशी फाइल असेल तर सोबत मूळ पीडीएफ द्या, आम्ही मजकूर युनिकोडमध्ये बदलून देऊ. काही फाइलींत अक्षर आणि खूण सुटी साठवलेली असते. मग फॉन्ट लावला की खूण बाजूला सरकते. ती जोडून घेण्याचे काम आम्ही करतो.

प्रूफ व्हिएतनामी वाचणाऱ्या माणसाला दाखवूनच सही करा. हॉटेलच्या किंवा तिथल्या व्यापाऱ्याच्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालेल. सही आल्यावर आम्ही मजकूर कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करतो. त्यानंतर एखादी खूण बदलायची म्हटली तरी पूर्ण ओळ नव्याने लावावी लागते.