बिडाचा कीस आणि पिवळं पाणी

बेळगावच्या उद्यमबागेत लेथच्या शेडसमोरून गेलं की पायाखाली काळा कीस चुरचुरतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पंपाची बॉडी टर्न करताना पोत्यानं निघतो आणि भंगारवाल्याच्या टेम्पोतून पुन्हा भट्टीत जातो. हा कीस विषारी जमिनीवर औषध म्हणून चालतो, असं सांगितलं तर टर्नर हसेल. पण चालतो.

क्रोम प्लेटिंगचंच घ्या. टाकीतलं षट्संयुजी (सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं) क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. टाकी वर्षानुवर्षं पाझरली की ते मातीत उतरतं, तिथून भूजलात. पुढे शेड बंद पडतं, पत्रे निघतात, भूखंड विक्रीचा बोर्ड लागतो. खालचं पाणी मात्र वाहतच असतं. क्रोमियम फार असेल तर ते पिवळं दिसतं. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, तेवढ्यानं ना रंग बदलतो, ना वास येतो. परसात विहीर असलेल्या बेळगावकरानं हे ध्यानात ठेवावं.

लोखंड या क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः गंजतं. क्रोमियम त्रिसंयुजी होतं, त्याचा विषारीपणा पुष्कळ कमी होतो आणि ते गंजाबरोबर साक्यासारखं जागीच बसतं. मग आपली लाल माती तर लोखंडानं भरलेली, तिनंच हे काम का करू नये? कारण तिच्यातलं बहुतेक लोखंड आधीच गंजलेलं आहे. थोडं क्रोमियम ती अंगाला चिकटवून धरते, पण द्यायला तिच्याकडे इलेक्ट्रॉन उरलेले नसतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीला, तटरक्षक दलाच्या जुन्या प्लेटिंग शॉपजवळ, 1996 साली हा उपाय जमिनीत उतरवला. 46 मीटर लांब, सुमारे 7 मीटर खोल आणि जेमतेम 0.6 मीटर रुंद चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला. पाणी आपल्या चालीनं त्यातून झिरपतं, पलीकडे क्रोमियम मर्यादेखाली येतं. पंप नको, वीज नको.

अर्थात पोतं उचललं आणि ओतलं, असं होत नाही. किसावरचं कटिंग ऑइल आधी जाळावं लागतं. काही वर्षांनी गंज आणि क्षार साचून चर तुंबू शकतो. शिवाय किसाची ही भिंत फक्त वाहत्या पाण्यातलं क्रोमियम अडवते, टाकीखालचा मूळ डाग तसाच राहतो. तिथली माती उकरून न्यावी लागते, नाहीतर तिच्यात हिराकस कालवावा लागतो. तोही लोखंडाचाच क्षार, शाईच्या जमान्यातला. आणि मातीत मँगनीजची ऑक्साइडं असली तर बसलेलं क्रोमियम ती हळूहळू पुन्हा उठवू शकतात. जांभ्याच्या पट्ट्यात ही शक्यता गृहीत धरून वर्षानुवर्षं पाणी तपासत राहायला हवं.

तपासणी सुरू कुठून करायची? उताऱ्यावर मालकांची नावं असतात, क्रोमची टाकी कुठल्या कोपऱ्यात होती ते नसतं. ते शेजारच्या शेडमधला म्हातारा टर्नर सांगतो. पहिला बोअर तिथं मारायचा, दुसरा उताराच्या बाजूला.